बाबिलोनचा निकाल ऐकण्यासाठी नऊशे किलोमीटर

या प्रवासास अस्मादिकांची विद्वत्ता कारणीभूत झाली, हे प्रारंभीच कबूल करतो. शेवटी कबूल करण्याइतके त्राण उरेल याची खात्री नाही.

कन्या मैत्रेयी अकरावीत प्राचीन इतिहास शिकते. बाबिलोन जिंकणारा इराणी सम्राट त्या काळच्या लोकांना कसा वाटला, यावर तिला निबंध लिहायचा होता. मी मार्गदर्शनपर एक परिच्छेद सांगितला. आपल्या प्राचीन राजनीतीने विजेत्यांचे तीन वर्ग केले आहेत: शरणागतीवर संतुष्ट होणारा धर्मविजयी, भूमी व द्रव्य हरणारा लोभविजयी आणि प्राणही घेणारा असुरविजयी. सम्राटास मी उदार अंतःकरणाने प्रथम वर्ग बहाल केला. शिक्षिकेने निबंध नापास केला. सोमवारी पुन्हा द्यायचा. तोही पडला तर विषयच सोडावा लागणार. मैत्रेयी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “मेलबर्नच्या एका म्युझियममध्ये त्याचा मातीवरचा लेख आहे. मला बघायचाय. तू ड्राइव्ह करणार.”

शुक्रवारी पहाटे सिडनीतले आमचे वेंटवर्थव्हिल सोडले. ह्यूम हायवे निर्दोष आणि रसहीन आहे. इच्छुकांनी गोलबर्नला कॉफी घ्यावी, गंडगायला पाय मोकळे करावेत, ऑल्बरीला पेट्रोल भरावे आणि कमरेवर कोठेही विसंबू नये. धपाटे घरून न्यावेत. दहा तासांत मी बाबिलोनविषयी बरेच बोललो. मैत्रेयीच्या कानांत इअरफोन होते.

मुक्काम मेलबर्नच्या ट्रुगानिना या उपनगरात, मित्र सुहासकडे. तिथली घरे इतकी एकसारखी, की मी आधी शेजाऱ्याची बेल वाजवली.

“नऊशे किलोमीटर, एका मातीच्या ढेकळासाठी?” सुहासने वरण वाढत विचारले.

“ढेकूळ नव्हे, मृत्तिकालेख.”

“ओरिजिनल आहे ना?”

“अर्थात!” मी म्हणालो. संकेतस्थळ वाचण्याचे काम माझ्याकडे होते.

शनिवारी सकाळी आम्ही एका विद्यापीठाच्या छोट्या संग्रहालयात पोचलो. प्रवेश विनामूल्य, पार्किंगबाबत ते औदार्य नाही. काचेच्या कपाटात मक्याच्या कणसाएवढी वस्तू आणि खाली पाटी: प्लास्टरची प्रतिकृती, मूळ लंडनमध्ये. मी बाकावर बसलो. माहिती देणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, “नो वरीज, डार्लिंग. अक्षरं तीच आहेत.”

मैत्रेयी शेजारचे भाषांतर वाचू लागली. मला राहवले नाही. “बघ, रक्तपाताविना नगरप्रवेश! धर्मविजयीच!”

“बाबा, प्लीज. परत तेच करतोयस. बाबिलोनवाल्यांना तुझे तीन क्लास माहीत होते का?”

“नसावेत.”

“मग त्यांनी मार्क कशावर दिले?”

तिने बोट ठेवून दाखवले. आधीच्या राजाने पूजा बिघडवली. म्हणून नगराच्या देवानेच या परक्याला निवडले. आणि त्याने, आधीच्या राजाने हलवलेल्या मूर्ती आपापल्या देवळांत परत पोचवल्या.

“म्हणजे तो परका आहे, हा इश्यूच नाही. देवाचं सगळं नीट होतंय ना, एवढंच.”

“पुरोहितच ते लिहिणार. त्यांचे पोट त्यावर.”

“एक्झॅक्टली! मग बाकीच्या लोकांना काय वाटलं, ते आपल्याला कळतच नाही. हेपण लिहिणार मी.”

“हा मुद्दा माझा...”

“फुटनोटमध्येपण नाव येणार नाही तुझं.”

रविवारी परतताना ती ऑल्बरीपासून लॅपटॉपवर लिहीत होती. गंडगायच्या आसपास मला दोन उत्कृष्ट समास सुचले, ते गिळले. “दाखवतेस?” एवढेही विचारले नाही. ही कदाचित माझ्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ तपश्चर्या असेल.

निबंध पास झाला, विषय वाचला. अठराशे किलोमीटर, रजा, पेट्रोल, कंबर यांबद्दल कौतुक होईल, अशी माझी विनम्र अपेक्षा होती. हिने लेकीला विचारले, “कसा काय जमला गं?”

“आई, येताना बाबानं अजिबात हेल्प केली नाही. सो नाइस ऑफ हिम.”

पितृत्वाचा याहून मोठा सन्मान मला आजवर लाभलेला नाही. मी तो आडवा पडूनच स्वीकारला.