फळीच्या दुसऱ्या टोकाले

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते फळी कापायचं. तेबी अर्धंच झालं.

निंबाची फळी होती. घरच्याच झाडाची, गोठ्याच्या माळ्यावर वाळवलेली. बायकोले सैपाकघरात माठाच्या वर एक फळी पाह्यजे होती. पिंपळगाव राजाच्या बाजारातून तिनं लोणच्यासाठी दोन चिनीमातीच्या बरण्या आणल्या होत्या, अन् मांजर त्या पाडन म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. फळी कुठं लावायची त्याची रेघबी तिनंच भिंतीवर कोळशानं मारून ठेवली होती.

मी म्हटलं, "अवं, एवढी खाली? मी पाणी प्याले वाकलो अन् वर उठलो का डोक्स आपटन माहं."

"मंग आपटू द्या," ती म्हणे. "वर लावसान तर मले दर वख्ती पाट घेऊन चढा लागन. तुम्हाले काय, तुम्ही ताटात वाढलेलं खाता."

मी काही सुतार नोहे. शेतकरी माणूस. शाळा चौथीपर्यंत, तेबी धड नाही. पण बापाजवळ करवत, वाकस, पटाशी अन् रंधा होता, तेवढं हाताले लागलं. घरातली बाज, पाट, कुदळीचे दांडे, सारं घरीच केलं. अन् कापायची आमची एकच रीत होती. लाकूड ओट्यावर आडवं टाकायचं, कापायचं टोक अंगणाकडं बाहेर काढायचं, अन् ओट्यावरच्या टोकावर तिनं बसायचं. मी खाली अंगणात उभा राहून करवत चालवायचो. ती बसली का लाकूड हालत नसे. बसल्या-बसल्या ती तूर निवडे, मेथी खुडे, अन् मले बोलून घे.

त्या दिवशी फळी जरा उचलून राह्यली होती. मी म्हटलं, "तुह्यं वजन उतरलं वाटते. दोन घास जास्त खात जा."

"अन् करवतीले दात लावून घ्या," ती म्हणे. "बुढ्ढी झाली ती तुमच्यासारखी."

अर्धी फळी कापून झाली अन् म्हशीनं हंबरडा फोडला. धार काढायचा वखत झाला होता. ती म्हणे, "उठते हो." हे ती दर वेळेले म्हणे. न सांगता उठली तर फळी उसळते अन् करवत हाताले लागते. लग्नाच्या नवीन नवीन एकदा तसं झालं होतं, तवापासून ती सांगितल्याबिगर कधी उठली नाही. मी करवत थांबवली, ती उठली, पदर झटकला. "राह्यलेलं उद्या करू," म्हणे.

पहाटे मी उठलो तर ती उठली नव्हती. हात लावला तर अंग थंड. झोपेतच गेली. जन्मभर सांगून उठणारी बाई, जातानी एक शब्द बोलली नाही.

मंग घर माणसांनी भरलं. पोरगा अन् सून पुण्याहून आले. माही मोठी बहीण उंद्रीहून आली अन् तिनं घर ताब्यात घेतलं. मले भिंतीजवळ सतरंजीवर बसवलं अन् म्हणे, "आता येथून हालायचं नाही भाऊ. लोक भेटाले येतीन." लोक आले. हात जोडले, खाली बसले, "कसं काय झालं एकाएकी?" म्हणून इचारलं. मी सांगितलं. ते उठले, दुसरे आले, त्याईनं तेच इचारलं. मी पुन्हा सांगितलं. सांगून सांगून माह्या तोंडाची चव गेली. पाणी प्याले उठलो तरी बहीण म्हणे, "तू बस, आणते मी." मोरीवर जातो म्हटलं तर पोरगा मागं मागं. बांधलेल्या जनावराले निदान दावणीभोवती फिरता येते.

मी बसायचो तिथून दारातून अंगण दिसे. ती फळी कोणीतरी उचलून भिंतीले टेकवली होती. अर्धी कापलेली चीर वर, तोंड उघडं टाकलेल्या माणसासारखी. बाजूले तिची बाज उलटी उभी केलेली. ज्या बाजेवर माणूस गेलं ती बाज आमच्याकडं घरात ठेवत नाहीत, तेरवी झाली का देऊन टाकतात. मी दिवसभर त्या दोन वस्तू पाहत राहो. एक दिवस उठलो अन् करवत हातात घेतली, तर बहीण आतून धावत आली.

"अरे, सुतकात लोखंड हाती धरतं काय कोणी? लोक काय म्हणतीन?"

"लोकाईले काय म्हणायचं ते म्हणू दे. फळी अर्धी राह्यली."

"फळी पळून चालली काय? ठेव ते."

ठेवली. काय करता.

तेरवी झाली. पाहुणे गेले. रात्रीच्या जेवणाआधी पोरगा माह्याजवळ बसला. मले वाटलंच होतं.

"बाबा, परवा सकाळी निघू. तुमचे कपडे भरून ठेवले. म्हैस आत्या नेऊन राह्यली उंद्रीले."

"मी नाही येत."

"येथं कोण आहे तुमच्याजवळ?"

"घर हाय."

"घर तुम्हाले भाकर करून देते काय? आजारी पडले तर दवाखान्यात नेते काय?" मंग हळूच म्हणे, "बाबा, साधी फळी कापायची तर धराले माणूस नाही तुमच्याजवळ."

त्यानं वाईट म्हणून म्हटलं नाही. पण मले ते लागलं. पुण्याचं त्याचं घर मी पाह्यलं हाय. एकदा आम्ही दोघं पंधरा दिवस राह्यलो तिथं. पोरगं अन् सून सकाळी कामाले जात, दार बाहेरून ओढून घेत. ते कुलूप आतून कसं उघडायचं ते मले शेवटपर्यंत जमलं नाही. बायको होती म्हणून ते दिवस निघाले. ती म्हणे, "तुम्ही बसा गप, मले येते उघडाले." मंग आम्ही दोघं खाली उतरून सायकली ठेवायच्या जागी बसो अन् जाणारं येणारं पाहो. आता तिथं दार कोण उघडन?

मी म्हटलं, "फळी धराले माणूस लागत नाही. उद्या दाखवतो तुले. अन् मी एकट्यानं फळी कापली तर मंग मले चाल म्हणू नको."

पोरगा हसला नाही. "बरं," म्हणे. "दाखवा."

सुताराजवळ एक घोडी असते. लाकडाची, चार पायाची, पाय बाहेर फाकलेले, पाठीवर एक आडवं लाकूड. तिच्यावर फळी ठेवायची, वरून गुडघा दाबायचा अन् कापायचं. माणूस लागत नाही. मी जन्मात घोडी केली नव्हती. कशाले करन? माही घोडी ओट्यावर बसून तूर निवडत होती.

सकाळी माळ्यावरून बाभळीचा एक सोट काढला, पाठीसाठी. पायासाठी चार फाट्या. अन् तिथंच घोडं अडलं. फाटी कापायची तर धरन कोण? ओट्यावर टाकली तर उसळे. पायानं दाबली तर कलंडे. मंग फाटी निंबाच्या बुंध्याले कासऱ्यानं करकचून बांधली अन् वाकून कापली. कमरेची वाट लागली. पोरगा दारात उभा राहून पाहून राह्यला होता. एकदा पुढं आला तर मी म्हटलं, "हात लावू नको बे. तुले उद्या पुण्याले जायचं हाय." तो मागं सरला.

दुपारपर्यंत चारी पाय कापले. वरच्या टोकाले तिरपा खाचा मारायचा, म्हणजे पाय पाठीत बसला का बाजूलेबी अन् टोकाकडंबी बाहेर फाकते. एका पायाचा खाचा बरोबर आला. मी तो दुसऱ्यावर ठेवला, कोळशानं गिरवला, तसाच कापला. तिसरा तसाच. चौथा तसाच. मनात म्हटलं, चारी एकसारखे, कुठं फरक नाही. बहिणीनं भाकर खाऊन घे म्हणून दोनदा हाक मारली. मी गेलो नाही. पटाशी, हातोडी, खिळे, धडाधड. दिवस कलायच्या आत पाय ठोकून झाले अन् मी घोडी उभी केली.

दोन पाय बाहेर फाकले. दोन पोटाखाली शिरले. लकवा मारलेल्या गोऱ्ह्यासारखी ती एका अंगावर झुकली अन् पडली.

चारी पाय एकाच हाताचे झाले होते. माणसाले जसा डावा अन् उजवा पाय असते, तसं घोडीलेबी पाह्यजे. मी चारी उजवे कापले. आता सांगतो, बाज करतानी, खिडकीची चौकट करतानी, जिथं जोडीचं लाकूड असे, तिथं मी खाचा मारायच्या आधी बायको दोन्ही लाकडं ओट्यावर समोरासमोर ठेवे. म्हणे, "थांबा. हे त्याचं तोंड पाहून राह्यलं काय?" पाहून राह्यलं असलं का म्हणे, "आता मारा." नसलं तर एक लाकूड फिरवून ठेवे. मले वाटे, बाईले काहीतरी बोलायचं असते म्हणून बोलते. मी कधी ध्यानातच घेतलं नाही. मी लाकडं एकावर एक ठेवली. पाठीवर पाठ.

पोरगा आला. घोडी उचलली, उभी केली, सोडली. पुन्हा पडली. तो आत गेला अन् माही पिशवी दारात आणून ठेवली. बहीण म्हणे, "चांगलं झालं. हट्ट नको करू भाऊ. बुढापा एकट्यानं निघत नाही."

बाभळीच्या फाट्या चारच होत्या. वाळलेलं दुसरं लाकूड घरात नव्हतं, अन् ओलं लाकूड खिळा धरत नाही. मी अंगणात बसून राह्यलो. पिशवी दारात, घोडी आडवी, फळी भिंतीले. मले कुठंच जागा नव्हती. घरात बसलो तर घर खाले उठे, अन् पुण्याचं तर दारच उघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा गाडीत सामान ठेवून राह्यला होता, तवा मी तिची बाज खाली पाडली अन् वाकसाच्या पाठीनं तिचे दांडे ठोकून सुटे केले. दोर कापून टाकला. बहीण ओरडत बाहेर आली, "अरे, ती द्यायची बाज हाय! तिच्यावर माणूस गेलं! कोणी हात लावते काय?"

"ते माणूस माहं होतं," मी म्हटलं. "अन् बाजबी मीच केली होती."

बहीण पदर तोंडाले लावून ओट्यावर बसली, अगदी बायकोच्याच जागी.

बाजेचा दांडा पक्का सागवानी, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. निंबाले कासऱ्यानं बांधून त्याचे दोन तुकडे कापले. ओट्यावर समोरासमोर ठेवले. हे त्याचं तोंड पाहून राह्यलं काय? नव्हतं पाहत. एक फिरवला. मंग खाचे मारले. पोटाखाली शिरलेले दोन पाय उपटून काढले अन् हे ठोकले. पाह्याले बेढब झाली. दोन पाय काळे, दोन पिवळे. पण उभी राह्यली. मी वरून दाबून पाह्यलं. हालली नाही.

सून गाडीजवळून पाहून राह्यली होती. पोरगा जवळ आला.

फळी उचलली. एक टोक ओट्यावर, कापायच्या जागेखाली घोडी, वर माहा गुडघा. करवत त्याच चिरेत घातली. पोरग्याचा हात आपोआप फळीकडं आला.

"धरू नको," मी म्हटलं.

त्यानं हात मागं घेतला. मी कापत गेलो. दात बोथटच होते, तिनं सांगूनबी मी लावून घेतले नव्हते. तुकडा खाली पडला तवा मले घाम फुटला होता. मी वर पाह्यलं नाही. पोरगा गाडीकडं गेला, माही पिशवी काढली, आत खुंटीवर टांगली.

"दिवाळीले येतो," म्हणे. "रोज फोन उचला मात्र. नाही उचलला तर मी निघालोच समजा."

"उचलतो."

बहिणीनं म्हैस नेली नाही. म्हणे, "धार तुलेच काढा लागन," अन् त्याईच्याच गाडीत उंद्रीपर्यंत बसून गेली.

मी जिंकलो असं समजू नका. गाडी वळली अन् अंगण एवढं मोकळं झालं का मले दम लागला. मागं घर, पुढं रस्ता, अन् दोन्हीकडं जावं वाटेना. मंग रंधा काढला. फळीच्या कडा साफ केल्या. सैपाकघरात गेलो. कोळशाची रेघ भिंतीवर तशीच होती. आता बरण्या मलेच काढायच्या होत्या, फळी वर लावली असती तरी चाललं असतं. कोणी इचारणारं नव्हतं. मी रेघेवरच ठोकली. दोन्ही बरण्या वर ठेवल्या. पाणी प्याले माठावर वाकलो अन् उठलो तर डोक्स फाडकन आपटलं.

डोक्स चोळत उभा राह्यलो, अन् आणखी एक गिलास पाणी घ्याले वाकलो.