विचार करून ठेवतो

आमच्या घरमालकांइतका अव्वल दर्जाचा हरलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. टोकियोजवळच्या ग्योतोकुमधलं त्यांचं दुमजली लाकडी घर. वर मी, खाली नव्वदीचे ते. सगळे त्यांना ओजीसान, म्हणजे आजोबा म्हणतात. परदेशी माणसाला खोली नको म्हणून सात ठिकाणांहून मला परत पाठवलं होतं, तेव्हा यांनी जामीनदारही न मागता किल्ली हातात ठेवली. "सात वेळा हरलात? मग आपलं जमेल," एवढीच चौकशी. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पण पदवीपेक्षा माझ्या नकारांची कदर करणारा हाच पहिला माणूस.

ते ज्या क्षेत्रात शिरत, तिथला सामना नेमका त्याच सुमारास अवघड होई. तरुणपणी ते टेबल टेनिस खेळत, तेही कानांनी. समोरच्या बॅटच्या आवाजावरून चेंडू ओळखायचे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि आवाजच बंद झाला. त्या बॅटचं ते इतकं कौतुक करतात, की वाटावं यांनीच ती भेट दिली. मग सायकलवर लाकडी चौकट बांधून, चित्रांच्या पाट्या सरकवत ते गल्लोगल्ली गोष्टी सांगू लागले. राक्षसाचा आवाज असा काढत, की पोरं रडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रडायला येत. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या न्हाव्याने टीव्ही आणला. एका संध्याकाळी समोर एकच मुलगी उरली. तिला पूर्ण गोष्ट सांगून हे स्वतःही न्हाव्याकडे कुस्ती बघायला गेले.

शेवटी रेडिओवर इंग्रजी शिकून ते दुभाषी झाले. भारतातून आलेल्या शिष्टमंडळाला जपानी अधिकारी म्हणाले, "विचार करून ठेवतो." जपानीत हा स्वच्छ नकार. यांनी शब्दाला शब्द लावला. पाहुणे तीन दिवस रोज नवा टाय बांधून हॉटेलात उत्तराची वाट बघत बसले. यांची नोकरी गेली.

"आमच्याकडे याला 'बघू' म्हणतात," मी सांगितलं.

त्यांनी तो शब्द चारदा तोंडात घोळवला. "एवढासा? तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

यंदा त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. ओजीसान वाकून म्हणाले, "विचार करून ठेवतो." त्यांच्या मुलीची मातृभाषा जपानी, पण तिनेही ते शब्दशः घेतलं. तारीख धरून ठेवली, इस्पितळाची पिशवी भरली. मग मला म्हणाली, "पाटील-सान, तुमचं ऐकतात. झाला का विचार, विचारा ना."

मी विचारलं.

"हरायला माझी ना नाही," ओजीसान म्हणाले. "पण बेशुद्ध असताना नको. समोरचा कसा खेळतो ते बघायचंय."

मी बाहेर येऊन मुलीला सांगितलं, "नाही म्हणतायत." तिने पिशवीतले कपडे एकेक काढून कपाटात ठेवले, आणि त्या आठवड्यात स्वतःच राहायला आली.

आपल्या जुन्या हरण्यांबद्दल ते घरी कधीच काही बोलले नव्हते. म्हणून रविवारी दुपारी मी तिला या हकिगती माझ्या मोडक्या जपानीत सांगतो, आणि ते डोळे मिटून माझं व्याकरण सुधारतात. परवा मी एक क्रियापद साफ चुकवलं. ते काही बोलले नाहीत. मुलीने त्यांच्या छातीकडे पाहिलं. छाती हलत होती. "पुढे सांगा," ती म्हणाली, आणि मी जरा मोठ्याने सांगू लागलो.