बहुरूप्याची पांढरी टोपी

वाळवे तालुक्यातल्या आमच्या गावात सुगी झाली की एक बहुरूपी यायचा. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नाही. त्याची सोंगंच ओळखीची होती. सगळ्यांत लाडकं सोंग फौजदाराचं. खाकी कोट, काजळाच्या मिशा आणि दारोदार दरडावणं, "कोंबडा कुणाच्या हुकमानं आरवला? घाला त्याला आत!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग तोच फौजदार बारीक आवाजात पसाभर जोंधळे मागायचा.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी तो चावडीपुढे आला, तो खादीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून. चळवळीत तुरुंग भोगून आलेला मी तेव्हा गावचा पुढारी होतो. हात मागे बांधून, मान ताठ ठेवून, तो हुबेहूब माझ्यासारखा चालला. "कोंबडा कुणाच्या हुकमानं आरवला? घाला त्याला आत!" शब्द तेच, दरडावणंही तेच. गाव पोट धरून हसलं. 

मी उठलो आणि त्याच्या कानाखाली मारली. टोपी धुळीत पडली. हसणं जागीच थांबलं. पोरांनी त्याला मारून हुसकलं असं गावात अजून सांगतात. ते खोटं आहे. हात माझा होता.

तो चिडला नाही. गाल धरून नुसता चकित होऊन माझ्याकडं बघत राहिला.

"आवं मालक," तो म्हणाला, "खऱ्या फौजदाराम्होरंबी मी त्याचं सोंग केलं व्हतं. त्यो लय हसला."