सत्त्याऐंशी टक्के

शाळेच्या कार्यालयातला तो संगणक मीच मधेच बंद केला होता. सोळा वर्षं ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही, पत्नीलाही नाही. आज ती लिहितो आहे, कारण ज्यांना सांगायला हवी होती त्यांना सांगून झाली आहे. आधी कागदावर उतरवली असती, तर तेवढ्यावर समाधान मानून मी पुन्हा गप्प बसलो असतो. इतपत मी स्वतःला ओळखतो.

मंठ्यातल्या एका खासगी संस्थेच्या शाळेत मी लिपिक होतो. म्हणजे सगळ्यांचा भाऊसाहेब. तिथले शिपाई सगळ्यांचे मामा. मामा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, दहावी पास, आणि टायपिंग येत असेल तर कनिष्ठ लिपिकाच्या जागेवर बढती मिळण्यास पात्र. दोन वर्षांनी ती जागा रिकामी होणार होती. म्हणून रोज मधल्या सुट्टीत, घंटा देऊन झाली की ते हात धुऊन उपरण्याला पुसत आणि माझ्या शेजारी संगणकासमोर बसत. घरी सरावासाठी त्यांनी एका पुठ्ठ्यावर पट्टीने रेघा आखून पूर्ण कीबोर्ड काढला होता.

"भाऊसाहेब, माझ्याकडं बिनलाइटचा कॉम्प्युटर हाय," ते म्हणत. "तुमच्यासारखा हँग होत न्हाई."

त्यांना शिकवताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत असे: काहीही चालू असताना यंत्र मधेच बंद करायचं नाही.

विद्यार्थ्यांचं जनरल रजिस्टर आणि दाखले ज्या सॉफ्टवेअरवर चालत, त्याची नवी आवृत्ती एसटीच्या पार्सलने सीडीवर आली. जालन्याच्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितलं, की आधी जुन्या माहितीची प्रत काढा, मग इन्स्टॉल करा, आणि पडद्यावरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत हात लावू नका. त्या दिवशी संध्याकाळी जालन्याला नात्यातला साखरपुडा होता. प्रत काढायला अर्धा तास लागला असता. पडद्यावर प्रश्न आला: जुन्या माहितीची प्रत घेतली आहे का? मी 'होय' दाबलं.

पट्टी सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत आली आणि थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. आकडा हलेना. एसटीची वेळ होत आली. अखेर मी बटण दाबून धरलं; आतल्या पंख्याची घरघर थांबेपर्यंत धरलं. उद्या सकाळी पुन्हा लावू, एवढाच माझा विचार होता.

पिशवी उचलतो तोच मामा झाडू घेऊन दारात आले. "झालं का, भाऊसाहेब?"

ज्यांना मी महिनोन् महिने नियम शिकवत होतो, त्यांच्यापुढे तो मोडल्याचं कबूल करायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "चालू आहे, मामा. पडदा झोपलाय, आत काम चालू आहे. तुम्ही नुसतं झाडून घ्या आणि कुलूप लावा."

खोटं बोललो ते एवढंच. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं राहिलं.

सकाळी सॉफ्टवेअर उघडेना. नवं अर्धवट बसलं होतं आणि जुन्याची माहिती त्याने मोडून टाकली होती. माझ्या चार वर्षांच्या नोंदी गेल्या. दुपारी तंत्रज्ञ मोटारसायकलवरून आला, काही वेळ खुडबुड करून म्हणाला, "मधेच करंट तुटलाय. लाइट गेली असंल, न्हाई तर कुणी तरी वायर हलवली असंल."

"लाइट?" मुख्याध्यापक म्हणाले. "सालातून एखादाच दिवस लाइट जात न्हाई, तो नेमका काल होता." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही गेल्यावर खोलीत कोण होतं?"

मी म्हणालो, "मामा होते. झाडायला."

यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या खरेपणाचा आधार मी पुढे किती वर्षं घेतला, हे सांगतानाही संकोच वाटतो. मी कुणावर आळ घेतला नव्हता. मी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, असं मी मनाशी घोकत असे. पण त्या खोलीत आणखीही एक गोष्ट होती. मी जमीनजुमला असलेल्या घरातला, मामा बौद्धवाड्यातले. त्या दुपारी याचा उच्चार कुणी केला नाही. माझी उलटतपासणी झाली नाही, संशय माझ्याकडे वळून पाहायलाही थांबला नाही, आणि ते मला तेव्हा अगदी स्वाभाविक वाटलं. आज मला सर्वांत जास्त टोचतं ते हे स्वाभाविक वाटणं.

मामांना बोलावलं. ते उंबऱ्याशीच उभे राहिले.

"म्या हात न्हाई लावला, सर," ते म्हणाले. मग जरा थांबून, "टेबलाखाली झाडलं मात्र. तिथं वायर असती."

"बस झालं," मुख्याध्यापक म्हणाले. "आजपासून त्या टेबलाजवळ जायचं न्हाई. झाडायलाबी न्हाई."

तंत्रज्ञ हसला. "मामा, झाडूनं डिलीट मारलं की तुम्ही!"

मी रजिस्टरची पानं उलटत राहिलो.

मेमो निघाला नाही, पगार कापला गेला नाही. त्यामुळे फारसं काही घडलेलं नाही, असं मी स्वतःला पटवू शकलो. नोंदी पुन्हा भरायला चार महिने लागले. मामा आपणहून म्हणाले, "तुम्ही टाइप करा, मी वाचून दाखवतो." शाळा सुटल्यावर ते दाराबाहेर स्टूल टाकून बसत, मांडीवर जाडजूड रजिस्टर घेऊन एकेक नाव, जन्मतारीख, आईचं नाव स्वच्छ आवाजात वाचत. मी आत टाइप करत असे. मधे उंबरा. ते त्यांचं मोठेपण आहे, असं मी समजलो.

दोन वर्षांनी जागा निघाली. मामांनी अर्ज केला नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "माझ्याकडून न्हाई व्हायचं, भाऊसाहेब." बाहेरून एक लिपिक आला. मामा शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. माझी बदली संस्थेच्या अंबडच्या शाळेत झाली. तिथे प्रत्येक अपडेटच्या आधी मी तीन ठिकाणी प्रती काढतो. सहकारी कौतुकाने म्हणतात, भाऊसाहेब फार काळजीचे. मी ते कौतुक मुकाट्याने घेत आलो.

गेल्या नोव्हेंबरात मामींचा फोन आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो, पण त्यांच्या फोनवर तो निघेना. रविवारी मी अंबडहून एसटीने मंठ्याला गेलो.

मामांनी हात जोडून स्वागत केलं आणि मग ते हात पाठीमागे घेतले. फोन मामींनीच माझ्या हाती दिला.

"ह्यांना घ्या म्हणलं तर हात भाजंल असा इस्तू असल्यासारखं करत्यात," मामी म्हणाल्या. "वाजला की मला हाका मारत्यात. म्या चुलीपाशी, फोन खाटंवर, आन् हे त्याच्याकडं बघून राह्यले!"

ॲप जुनं होतं. नवी आवृत्ती घ्या, असा संदेश येत होता. घ्यायला गेलो तर जागा शिल्लक नाही. शुभ सकाळची शेकडो फुलं आणि उगवते सूर्य मी पुसले. मामी म्हणाल्या, "पुसा, पुसा. भावजयीचे हायेत समदे." अखेर अपडेट सुरू झालं. पट्टी एकाहत्तरपर्यंत सरकली आणि अडकली. आम्ही तिघंही तिच्याकडे पाहत राहिलो.

मामा हळूच उठले. "मी बाहेर बसतो, भाऊसाहेब. मी असलो की अडकतं."

"असं कसं होईल, मामा?"

"होतं. शाळंतलं न्हाई का झालं? लई इचार केला मी. हात लावल्याचं बिलकुल ध्यानात न्हाई. पण झाडूचा धक्का लागलाच असंल; दुसरं कोण होतं तिथं? तुमची चार वर्षांची मेहनत गेली. म्हणून तर वाचायला बसत होतो मी. तेवढंच फेडल्यासारखं."

ते चपला शोधू लागले. सोळा वर्षं माझी समजूत होती, की मामांना आपण निर्दोष आहोत हे माहीत आहे आणि ते मनातल्या मनात दुनियेला दोष देत असतील, कदाचित मलाही. तसं असतं तर सोपं होतं. त्यांनी माझी चूक स्वतःची म्हणून सांभाळली होती, आणि माझ्यासमोर बसून तिची फेड केली होती.

मी त्यांचा हात धरून त्यांना खाटेवर बसवलं. बोललो, पण आवाज इतका खाली गेला की ते म्हणाले, "काय म्हणलात?"

तेव्हा मी मोठ्याने बोललो, मामींनाही ऐकू जाईल असं.

"मामा, तुमचा झाडू वायरला लागला नाही. तुम्ही खोलीत यायच्या आधीच मी ते मशीन बंद केलं होतं. मला गाडी गाठायची होती. आत काम चालू आहे, असं तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. दुसऱ्या दिवशी सर विचारत होते, तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी तुमचं नाव घेतलं. तुमचा काहीही दोष नव्हता. तुमची लिपिकाची जागा माझ्यामुळे गेली. मी चुकलो, मामा. मला माफ करा."