परत आलेल्या पेशंटांची वही

श्रीमती विमल कांबळे, म्हणजे आमच्या कांबळे सिस्टर, यांच्याशी माझी खरी ओळख त्यांचा ओरडा खाताना झाली. परळच्या एका मोठ्या इस्पितळात हृदयविभागात मी नुकताच रुजू झालो होतो आणि त्या तिथल्या सिस्टर-इन-चार्ज होत्या. त्यांना साठ वर्षे पूर्ण होत असल्याबद्दल निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहिताना 'वादाचे विषय टाळावेत' अशी प्रेमळ सूचना संपादकांनी केली आहे. ते टाळले तर सिस्टरांबद्दल लिहायला फारसे उरतच नाही, म्हणून ती मी पाळलेली नाही.

त्या दुपारी चिंचपोकळीच्या वर्कशॉपात लेथवर काम करणारे सावंत छातीत दुखते म्हणून आले होते. बारा दिवसांपूर्वी आमच्याकडेच त्यांची अँजिओप्लास्टी होऊन रक्तवाहिनीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली होती. असा माणूस महिन्याच्या आत पुन्हा भरती झाला, तर आपल्या उपचारात काही कमी राहिले का, हे तपासायचे असते. अशी माणसे किती, यावरून इस्पितळाचे काम जोखतात. आमच्या विभागाने त्यावर नामी युक्ती काढली होती. परत आलेल्याला वर वॉर्डात भरतीच करायचे नाही, तळमजल्यावरच्या बाकड्यावर 'निरीक्षणाखाली' बसवून ठेवायचे. अगदीच नाइलाज झाला तर नवा केसपेपर काढायचा, म्हणजे कागदावर तो नवा पेशंट. मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले आणि मी ते मुकाट्याने शिकलो. सावंतांना मी बाकड्यावर बसवले.

सिस्टर कशासाठी तरी खाली आल्या होत्या. त्यांनी सावंतांना लांबूनच ओळखले.

"डॉक्टर, ह्यांना इथे का बसवलंय?"

"ऑब्झर्वेशनला आहेत, सिस्टर."

"कसलं डोंबलाचं ऑब्झर्वेशन? घाम बघा त्यांचा! स्प्रिंग टाकून बाराच दिवस झालेत. आधी वर घ्या, मग काय ते बोला."

ट्रॉली त्यांनी स्वतःच ओढत आणली. सावंतांची तीच रक्तवाहिनी पुन्हा बंद होत आली होती. ते वाचले, आणि त्यात माझे कर्तृत्व काहीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी सिस्टरांनी त्यांना विचारले, "रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेत होतात ना?"

"घेत होतो की. पाकीट संपलं, मग बंद केल्या. कोर्स पुरा झाला म्हटलं."

तापाच्या गोळ्या संपल्या की कोर्स संपतो, हेच त्यांना आयुष्यभर माहीत होते. आमच्यातले कोणीतरी हसून म्हणाले, "काय अडाणी लोक आहेत!" सिस्टर संतापल्या. "अडाणी ते नाहीत. इंग्रजीत डिस्चार्ज कार्ड आपण दिलं, दोन मिनिटांत घरी आपण धाडलं. वर्षभर घ्यायच्या, हे त्यांना सांगितलं कुणी?" कोणीच सांगितले नव्हते. त्या कार्डावर सही माझी होती.

सिस्टरांनी त्याच दिवशी एक वही सुरू केली. परत आलेल्याचे नाव, जुन्या केसपेपरचा नंबर, कितव्या दिवशी आला आणि का आला, एवढेच त्या लिहीत. शिवाय घरी जाणाऱ्या प्रत्येकाला त्या समोर बसवून विचारत, "सांगा बघू, पाकीट संपलं की काय करायचं?" 'दुसरं आणायचं' हे उत्तर पेशंटकडून आणि घरच्यांकडूनही आल्याशिवाय सुट्टी नाही. कॉटन ग्रीनचे एक आजोबा वैतागून म्हणाले होते, "शाळेत मास्तरांनी एवढं विचारलं असतं तर मॅट्रिक झालो असतो, बाई."

विभागप्रमुखांना वही खुपली. आपला आकडा बिघडतो, असे ते सर्वांसमोर म्हणाले. सिस्टर उभ्या राहिल्या. "सर, आकडा चांगला दिसावा म्हणून माणसांना बाकड्यावर मरू द्यायचं का?" सिस्टरांची बदली त्वचाविभागात झाली. पुढे सात महिन्यांनी, पेशंटांच्या नातेवाइकांनी अर्जांवर अर्ज केले तेव्हा कुठे त्या परत आल्या. त्या काळात मी त्यांच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. त्यांनी मात्र सावंतांच्या कागदावर 'ड्यूटी डॉक्टरांनी तातडीने वर हलवले' असे लिहून माझी नोकरी वाचवली होती. नंतर एकदा जिन्यात म्हणाल्या, "लिहिलंय ते पुढच्या वेळी खरं करा."

सिस्टर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. महिनाभरात वही कपाटात गेली आणि नवे केसपेपर पुन्हा निघू लागले. आता तर दर्शनी भागात आमच्या उत्तम आकड्याचा फलक लागला आहे. ज्यांनी तो लावला तेच दादरच्या सभागृहात सिस्टरांच्या खांद्यावर शाल घालणार आहेत, आणि त्यांचे गोड गोड शुभसंदेश याच ग्रंथात छापले आहेत. वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण राग नुसता त्यांच्यावर काढून भागणार नाही. कपाटाची किल्ली दोन वर्षे माझ्याकडे आहे.

सिस्टर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, पायांत चालायचे बळ राहो, नातवंडांवर आणि आमच्यावर ओरडायला आवाज राहो. पेशंट म्हणून या इस्पितळाची पायरी चढायची वेळ तुमच्यावर कधी न येवो. आलीच, तर आम्ही तुम्हाला एकदा नीट बरे करू, आणि पुन्हा यावे लागले तर खरी नोंद करून आत घेऊ, असे वचन द्यायला हवे होते. ते आज मला देता येत नाही, आणि याची मला लाज वाटते.