कोंडीरामने शाफ्ट घरी नेला

डिफरन्शलमधलं जुनं तेल रामदासने मशालवाल्यांना देऊन टाकलं आणि वर 'झालाच पाहिजे' अशी आरोळीही ठोकली. इतक्या स्वस्तात देशकार्य त्याने आधी कधी केलं नव्हतं.

गाडी गिरगावच्या कमलाकांतरावांची. मंडप, खुर्च्या आणि लाउडस्पीकर भाड्याने देणं हा त्यांचा धंदा, आणि लढाई संपल्यावर लिलावात घेतलेली जुनी पिकअप ही त्या धंद्याची लक्ष्मी. रामदास वाईचा. मॅट्रिकला इंग्रजीत चौसष्ट मार्क, म्हणून गाडी चालवणं आणि गाडीचं इंग्रजी पुस्तक वाचणं अशी दोन्ही कामं त्याच्या गळ्यात. पंधरा दिवस गाडीच्या मागच्या अंगाला कोणी रडत असल्यासारखा सूर येत होता. इंजिनाचा फेर चाकांना वाटून देणारं जे लोखंडी मडकं दोन चाकांच्या मध्ये असतं, ते डिफरन्शल. त्याच्या नाकातून तेलही ठिबकत होतं. पुस्तकात लिहिलं होतं, तेल बदला. रामदासने बदललं. बादलीभर काळं तेल गटारात कशाला घालायचं, म्हणून लालबागच्या शामरावला दिलं. शामराव त्या दिवसांत चिंध्या आणि बांबू घेऊन मोर्च्यांच्या मशाली बांधत बसलेला असे. नवं तेल रामदासने मुद्दाम जाड आणलं, काकवीसारखं. रडणं थांबलं. दोन दिवस तो चाळीत छाती काढून फिरला.

तिसऱ्या दिवशी सूर परत आला. पण आता रडण्याचा नव्हता. दात खाल्ल्यासारखा होता.

एरवी त्याने कानाडोळा केला असता. पण त्याच्या बायकोला, दुर्गाला, आठवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे वाईला. संक्रांत होऊन गेली होती आणि मुंबईचं काय करायचं ते दिल्ली आज सांगणार की उद्या, यावर लालबागच्या नाक्यानाक्यावर पैजा लागत होत्या. सांगितल्यावर काय होणार, यावर मात्र कोणी पैज लावत नव्हतं. मिलच्या भिंतींशी दगडांचे ढीग दिसू लागले होते. वाण्याने दुकानाची एक फळी कायमची लावून टाकली होती. नेमकं त्याच आठवड्यात कमलाकांतरावांकडे साताऱ्याच्या एका लग्नाचं काम आलं. दीडशे खुर्च्या, चार भोंगे. जाता जाता दुर्गाला पुढच्या सीटवर बसवून वाईला उतरवायचं, असं ठरलं. वाटेत बोरघाट आणि खंबाटकी.

म्हणून निघायच्या आदल्या सकाळी रामदासने गाडी लोअर परळला कोंडीरामकडे नेली.

कोंडीराम एका मिलच्या मागच्या भिंतीला पत्रा टेकवून बसत असे. पन्नाशीचा, काटक, आणि ठार बहिरा. तरुणपणी तो मिलच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, काम मागायला गेला होता. तिथे धोट्याचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याच्या जातीच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालत नव्हता. तो पलटणीच्या मोटारखात्यात गेला. ब्रह्मदेशात एक बाँब शेजारी पडला आणि दोन्ही कान घेऊन गेला. तेव्हापासून तो यंत्रं तोंडाने ऐकायचा. हातभर लांब शिसवी दांडी, एक टोक यंत्राला, दुसरं दाताखाली. डोळे मिटायचे. चांगले कान असलेले मिस्त्री जिथे हात टेकत, तिथे हा दात टेकायचा आणि कुठला खिळा ढिला आहे ते सांगायचा. परळ ते वरळी त्याच्या दातांची ख्याती होती.

"कधीपास्नं रडतीया?" त्याने विचारलं.

"पंधरा दिवस!" रामदास बेंबीच्या देठापासून ओरडला.

"वरडू नको, मास्तर. मला तसंबी ऐकू येत न्हाय, अन् लोकांना वाटतंय भांडण जुंपलं. बोटं दाव."

इंग्रजी पुस्तक वाचतो म्हणून रामदास त्याचा मास्तर होता. रामदासने दहा बोटं दाखवली, मग पाच.

कोंडीरामने गाडीच्या मागच्या हौद्यातली एक फळी उचकटली, पालथा झोपला आणि फटीतून दांडी खाली सोडून डिफरन्शलवर टेकवली. "चल वरळीपत्तूर. मी पाय आपटला की अ‍ॅक्सलेटर सोड, पुन्ना आपटला की दाब."

वरळीच्या रस्त्याला एरवी माशांच्या पाट्या घेतलेल्या कोळणींची रांग असायची. आज रस्ता धुतल्यासारखा मोकळा. नाक्यावर निळ्या लॉऱ्या उभ्या. एका हवालदाराने हात केला, हौद्यात डोकावला आणि दोन पावलं मागे सरला.

"कोण रे हा? मुडदा नेतोस काय?"

"मिस्त्री आहेत, साहेब. आवाज ऐकताहेत."

"आवाज?" हवालदार हसला. त्याचं हसू काही बरं नव्हतं. "दोन दिवस थांब म्हणावं. घरबसल्या ऐकू येतील."

कोंडीरामला यातलं काही कळलं नाही. त्याने पाय आपटला.

परत आल्यावर तो बराच वेळ जबडा चोळत होता. मग त्याने मागची चाकं जॅकवर उचलली, इंजिनाकडून डिफरन्शलकडे येणारा लांब शाफ्ट जिथे जोडलेला असतो तो गड्डा दोन्ही हातांनी धरला आणि वरखाली हलवला. गड्डा हलला. लहान मुलाचा पडायला आलेला दात हलावा तसा.

"तेल अडवायचं सील गळतंय म्हणून तू सील बदललंस?"

रामदासने दोन बोटं दाखवली. म्हणजे दोनदा.

"धा टायमाला बदललंस तरी गळंल. सीलाचा दोष न्हाय. आतलं बेअरिंग खाल्लंय, म्हणून दांडा नाचतोय. नाचणाऱ्याच्या कमरेला करदोटा किती घट्ट बांधशील? आता ह्ये झालं एक. पण दाबल्यावर, सोडल्यावर, दोन्ही टायमाला मधीच एक ठोका पडतोय. तो बेअरिंगचा न्हाय." त्याने रामदासकडे रोखून पाहिलं. "जुनं तेल कुठं हाय?"

रामदासने खाणाखुणांनी मशाल काढून दाखवली. मूठ वर, बोटांच्या ज्वाळा.

"जाळलं?" कोंडीराम प्रथमच मोठ्याने बोलला. "आरं, वैद्य नाडी बघायच्या आधी तू पेशंटचं रगत दिवाळीला पणतीत घातलंस! जुनं तेल कुणी टाकतंय व्हय? सगळं त्यातच लिवलेलं असतंय. तुझ्या पुस्तकात न्हाय."

दोघे चालत लालबागला गेले. शामराव जिन्याखाली बसला होता. मशाली संपल्या होत्या, पण बादली तशीच होती, तळाशी चार बोटं गाळ. "तुमच्या तेलाने धूर फार केला, रामदास," शामराव म्हणाला. "पोरं खोकून बेजार. घोषणा द्यायला घसा राहिला नाही."

कोंडीरामने खिशातून फुटक्या लाउडस्पीकरचा लोहचुंबक काढला, दोरीला बांधला आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा बादलीत सोडला. वर आला तो साळिंदर होऊन. बारीक पोलादी काटे, चहूबाजूंनी उभे. आणि त्यांच्यात शेंगदाण्याएवढा एक तुकडा, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने साखरेसारखा खरबरीत.

"दात," कोंडीराम म्हणाला. "मोठ्या चक्राचा. एक पडला की शेजारचा पडतोय. म्हाताऱ्या माणसाचं असतंय तसंच. सपाट रस्त्याला ओढंल म्हैनाभर. घाटात, भरल्या गाडीत, हा तुकडा दोन चक्रांच्या मधी गावला की मागची चाकं जागच्या जागी गच्च. ब्रेक न्हाय, काय न्हाय. चाकं घसरत जाणार, जिकडं गाडीला जायचंय तिकडं."

रामदासने विचारलं नाही गाडीला कुठे जायचं असतं. बोरघाट त्याने पाहिला होता.

दुपारी ते गिरगावात गेले. कमलाकांतराव अंगणात खुर्च्या भरून घेत होते. चहा आला. कोंडीरामने आपल्या हत्यारांच्या पिशवीतून पितळी पेला काढून पुढे धरला. या घरी त्याला दिलेली कपबशी नंतर कोनाड्यात वेगळी ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यांचा तो त्रास त्याने आपणहून वाचवला होता. मग त्याने दाताचा तुकडा रावांच्या तळहातावर ठेवला.

"हे काय?"

"घाटातलं मरण," कोंडीराम म्हणाला. "आत्ता लहान हाय."

राव रामदासकडे वळले. "रामदास, लग्न परवा आहे. बयाणा घेऊन बसलोय. ह्याला स्वतःला ऐकू येत नाही, हा मला आवाज सांगतो. तू सांग. तू चालवतोस. आवाज वाढलाय की कमी झालाय?"

आता इथे खरं म्हणजे एकच उत्तर होतं. पण नोकरी रावांची, खोली रावांच्या वशिल्याची, आणि तेल काढून टाकणारा हात आपला, हे एकदम रामदासच्या डोक्यात आलं. चौसष्ट मार्कांचं डोकं, त्यात गर्दी फार झाली.

"तसा... जाड तेल घातल्यापासून थोडा कमी आहे," तो म्हणाला.

कोंडीरामला ऐकू आलं नाही. पण त्याने ओठ पाहिले.

"झालं तर मग!" राव म्हणाले. "उद्या पहाटे निघा. कोंडीराम, तू तेवढं नटबोल्ट आवळून दे."

कोंडीराम गाडीखाली शिरला. राव जेवायला आत गेले. रामदास खुर्च्या मोजत उभा राहिला, आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता. त्याला दुर्गा दिसत होती, पुढच्या सीटवर, मांडीवर डबा घेतलेली, वळणावर दार घट्ट धरलेली.

अर्ध्या तासाने कोंडीराम बाहेर आला तो हातांवर शाफ्ट घेऊन. डिफरन्शलला इंजिनाशी जोडणारा तो चार-साडेचार हातांचा पोलादी दांडा त्याने पुरता सोडवला होता. आता गाडीचं इंजिन फिरलं असतं, चाकं फिरली नसती. त्याने तो खांद्यावर घेतला.

"मिस्त्री," रामदास म्हणाला, "राव पोलिसात देतील."

कोंडीरामने त्याचे ओठ वाचले. "देऊ देत. पोलिसांना सध्या लई कामं हायत. तू अडवणार का?"

रामदास फाटकात उभा होता. तो बाजूला झाला. गाडी अडवायला त्याने त्या दिवशी एवढी एकच हालचाल केली.

संध्याकाळी रेडिओवर मुंबईचा निकाल आला: मुंबई दिल्लीच्याच ताब्यात राहणार. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं, त्या वेळी लालबागच्या नाक्यावर लोक ट्रामचे रूळ उखडत होते. दुपारपासून हवालदाराने सांगितलेले आवाज सुरू झाले. कमलाकांतरावांचा निरोप पोलिसांपर्यंत पोचला की नाही कोण जाणे. गिरगावातून परळला यायला रस्ता कुणाला होता? साताऱ्याचं लग्न बहुधा खुर्च्यांशिवाय लागलं. शाफ्ट कोंडीरामच्या खाटेखाली पडून राहिला.

दुर्गाच्या पोटात दुखू लागलं ते संचारबंदीच्या तिसऱ्या दिवशी, तारखेच्या महिनाभर आधी. सुईण करी रोडला राहणारी, ती येईना. खोलीत घासलेट संपलेलं, पाणी तापवायला काही नाही. दीड दिवस दुर्गा भिंतीला पाठ लावून बसली. बाहेर गोळी वाजली की रामदास दचके. तिने दचकायचं सोडून दिलं होतं.

संचारबंदी दोन तास उठली तेव्हा दारात कोंडीरामची बायको कमलाबाई उभी राहिली. पदराखाली बाटलीभर घासलेट.

"मिस्त्रींनी धाडलं. म्हणाले, मास्तरच्या घरात पुस्तक असंल, घासलेट नसंल."

"आत या ना, बाई," दुर्गा म्हणाली, आणि गॅलरीतल्या दोन-तीन दारांत माना उगवल्या. कमलाबाईने मानांकडे पाहिलंसुद्धा नाही. चार पोरं तिने स्वतःची आणि दहा-बारा शेजाऱ्यांची काढली होती. मुलगी दिवेलागणीला झाली, निळसर, आणि बराच वेळ रडली नाही. मग रडली.

पुढे सगळं शांत झाल्यावर गिरगावात नव्या मिस्त्रीने डिफरन्शल उघडलं. मोठ्या चक्राचे तीन दात गेलेले, आणि आडवी चीर आरपार. हात लावताच चक्राचे दोन भाग झाले. कमलाकांतराव म्हणाले, "इतके दिवस उभी ठेवली, गंजून मोडलं असेल." शाफ्ट परत आला, पण कोंडीरामला त्यांनी पुन्हा काम दिलं नाही. चोर मिस्त्री, असं ते चारचौघांत म्हणत. रामदास तिथे असे. तो गाडी पुसत असे.

लोअर परळच्या त्या भिंतीसमोरून तो आठवड्यातून दोनदा तरी जातो. आज जाऊ, उद्या जाऊ करतो, आणि आधी काय बोलायचं ते ओठांनी जुळवून पाहतो. मग गाडी पुढे निघून गेलेली असते. कमलाबाईची घासलेटची बाटली धुऊन, बूच लावून, मोरीच्या कट्ट्यावर ठेवलेली आहे. द्यायची राहिली आहे.