डाळिंबाच्या पद्धतीने रंगवलेली कॅनॉपी

आमच्या बारामतीच्या कॉलेजात मॉडेल विमानं बनवणाऱ्या मुलांचा एक गट आहे. दुसऱ्या वर्षाला मी त्यात भीत भीत गेलो. पहिले दोन महिने मी फक्त पंखांना पॉलिश पेपर घासला. मग एका सोमवारी गट चालवणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या दादाने विचारलं, "कॅनॉपी कोण रंगवणार? स्प्रे कुणाला जमतो?" मी हात वर केला. का केला ते आजही नीट सांगता येत नाही. निमगाव केतकीजवळ आमची डाळिंबाची बाग आहे आणि फवारणी मी सातवीपासून करतो, एवढंच डोक्यात होतं.

कॅनॉपी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेसारखं झाकण. आमचं वीतभर लांब होतं, पातळ प्लास्टिक तापवून लाकडी साच्यावर ओढलेलं. ते आतून धुरकट काळं करायचं होतं. आतल्या वायरी दिसू नयेत, पण काचेचा भास राहावा. अशी तीनच झाकणं होती आणि प्लास्टिकची शीट संपली होती.

"गुरुवारी स्पर्धेच्या संघाची यादी सरांना द्यायचीय," दादा म्हणाला. "तोवर एक झाकण नीट करून आण, तुझं नाव घालतो."

मी व्हिडिओ बघितले, पण त्यांतली माणसं भराभर इंग्रजी बोलत होती. मग वडिलांना फोन केला. फवारणीतलं त्यांच्याइतकं कळणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीचा नाही.

"वारं पडलेलं असतंय तवा मारायचं. पहाटं," ते म्हणाले. "उन्हात मारलं की थेंब जागीच वाळतोय. आन चिंब कर. पान खालनं-वरनं भिजलं पायजे."

"आबा, पान न्हाय, प्लास्टिक हाय."

"मग काय झालं? भिजायचं ते भिजतंयच की."

मंगळवारी पहाटे मी जळोचीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर गेलो. कठडा दवाने ओला होता, वारा अजिबात नव्हता. मला वेळ अगदी उत्तम वाटली. स्प्रेचा डबा जवळ धरून झाकण आतून चिंब केलं. रंगाचे ओघळ उतरले आणि बशीत चहा साचावा तसे तळाशी साचले. तासाभराने तिथलं प्लास्टिक मऊ पडून सुरकुतलं.

बुधवारी हात आवरता घेतला, पण वेळ तीच ठेवली. या वेळी ओघळ आले नाहीत. काही मिनिटांतच आरशावर फुंकर मारल्यासारखी पांढरट साय सगळीकडे चढली. ऊन लागलं की जाईल म्हणून थांबलो. गेली नाही. अंगठ्याने पुसायला गेलो, तर अंगठ्याचा ठसा उमटला.

"डाळिंबवाले, विमानाला तेल्या आला का?" खोलीतला मित्र दात घासता घासता म्हणाला. तेल्या म्हणजे डाळिंबावर डाग पाडणारा रोग, हे त्याला माझ्याकडूनच कळलेलं. मी ते झाकण कोपऱ्यात भिरकावलं. वडिलांचा राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा "चाललंय" एवढंच बोललो.

दादाची खोली तीन गल्ल्या पलीकडे होती. जाऊन विचारायला पाच मिनिटं लागली असती. पण विचारलं असतं तर मी सोमवारी उगाच हात वर केला होता हे उघड झालं असतं. वर्गातही माझं असंच होतं. कळलं नाही तरी मान हलवतो. अभ्यासातलं घरी विचारायला कोणी नसतं, आणि इथे विचारलं तर आपण चुकून आत आलोय हे कुणाला तरी कळेल असं वाटत राहतं. त्यामुळे गुरुवारी दिवसभर मी वर्कशॉपकडे फिरकलो नाही.

दुपारी यादी गेली. तिच्यात माझं नाव नव्हतं. मग संध्याकाळी मी दोन्ही झाकणं घेऊन दादाकडे गेलो. आता विचारणं एकदम सोपं वाटलं, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

"पहाटे मारलास?" त्याने साय आलेलं झाकण उजेडात धरलं. "अरे येड्या, दवात? हवेतलं पाणी धरलंय रंगाने. भर दुपारी मारायचं. हातभर लांबून, नुसता धूर गेल्यासारखा एक हात. वाळू द्यायचं. मग दुसरा. असे चार-पाच."

"एवढंच?"

"एवढंच. बुधवारीच आला असतास तर?"

मी दोन्ही झाकणं उचलली.

शुक्रवारी दुपारी तिसरं झाकण केलं. पाच पातळ हात दिले. शेवटच्या हाताला शेजारच्या उसातून आलेलं एक चिलट येऊन चिकटलं. सुईने काढलं, तर तिथे मोहरीएवढा पारदर्शक ठिपका राहिला. आता रंग वाढवायची माझी हिंमत नव्हती.

"हे काय?" वर्कशॉपमध्ये दादाने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"चिलट होतं."

"पायलट इथूनच बाहेर उडाला म्हण की!" सगळे हसले. त्याने झाकण चिकटवून टाकलं.

शनिवारी चाचणीच्या वेळी संघातली पाच मुलं विमानाभोवती होती आणि मी मैदानाच्या कडेला. विमान दोनदा नीट उडून उतरलं. झाकण उन्हात काळंभोर चमकत होतं. ठिपका कुणालाच दिसला नसेल, मला मात्र एवढ्या लांबूनही दिसल्यासारखा वाटला. मुलं पांगल्यावर मी दादाजवळ गेलो. साच्यावर शीट ओढताना ती किती तापवायची आणि तापली हे कसं ओळखायचं, ते विचारलं.

"आता विचारतोयस होय?" तो म्हणाला आणि विमानातली बॅटरी काढायला लागला.

मी हललो नाही. तो उत्तर देईपर्यंत तिथेच उभा राहिलो.